कौमारिनचं आठवं संयुग

आमच्या गाइडसरांच्या नावावर इतके शोधनिबंध होते, की ते सगळे त्यांनी स्वतः वाचले असतील असं मला कधीच वाटलं नाही. हिंगोलीतल्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्रात पीएचडी केली, तिथे ते विभागप्रमुख होते. त्यांची पद्धत सोपी होती. एक रेणू धरायचा. त्याच्या टोकाला कधी क्लोरीन लावायचं, कधी ब्रोमीन, कधी मिथिल, आणि दरवेळी 'नवीन संयुग' म्हणून छापायचं. एकाच सदऱ्याची बटणं बदलून शिंप्याने दरवेळी नवा सदरा म्हणून विकावा, तसला प्रकार. शेवटच्या परिच्छेदात ही संयुगं भविष्यात औषध म्हणून उपयोगी ठरतील असं हमखास लिहिलेलं असायचं. ते भविष्य कधी येणार, हे त्यांना कुणी विचारत नव्हतं आणि तेही कुणाला सांगत नव्हते.

मला विषय देताना त्यांच्यासमोरचा चहासुद्धा निवला नाही.

"कौमारिन माहिती आहे ना?"

"एमएस्सीला एकदा केलं होतं, सर."

"मग झालं. कौमारिनचे सल्फोनेट एस्टर. आठ करून टाक."

"आठच काहून, सर?"

"कपाटात सल्फोनिल क्लोराइडच्या आठ बाटल्या आहेत म्हणून."

मला वाटलं सर गंमत करून राहिलेत. सरांना गंमत करता येत नव्हती. कपाट उघडून पाहिलं तर खरंच आठ बाटल्या होत्या. कुण्या जुन्या विद्यार्थ्याने आणून ठेवलेल्या, धूळ खाऊन राहिलेल्या. माझ्या आयुष्याची पुढची कितीतरी वर्षं कशात जाणार, हे त्या कपाटाने ठरवलं होतं.

काम समजायला अवघड नव्हतं. आधी रिसॉर्सिनॉल आणि इथिल ॲसिटोॲसिटेट हे दोन पदार्थ थंडगार सल्फ्युरिक ॲसिडात थेंबाथेंबाने सोडायचे. मग ते मिश्रण बर्फावर ओतायचं की पांढुरकं कौमारिन खाली बसतं. त्याच्या रेणूला एका बाजूला 'ओएच' असतो. त्या ओएचमधला हायड्रोजन काढून तिथे सल्फोनिल क्लोराइडचा तुकडा चिकटवायचा, की झाला सल्फोनेट एस्टर. नंतर तो खरंच तोच आहे का हे तपासायचं: किती तापमानाला वितळतो, आयआरच्या आलेखात ओएचचा पसरट खड्डा नाहीसा झाला का, एनएमआरमध्ये कोणता हायड्रोजन कुठे बसलाय. बनवणं हा स्वयंपाकाचा भाग. तपासणं हे खरं शास्त्र. आमच्या विभागात स्वयंपाक सगळ्यांना आवडायचा. तपासायला कुणाला सवड नव्हती.

बर्फ बनवायची सोय प्रयोगशाळेत नव्हती. तो मी रसवंतीवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून आणायची. तो दरवेळी विचारायचा, "ताई, आज किती पावणे हायेत?" कॉलेजात रोज पाहुणचार चालतो अशी त्याची समजूत झाली होती. माझ्या माहितीप्रमाणे ती फारशी चुकीची नव्हती.

माझ्यासोबत आणखी एक जण सरांकडे पीएचडी करत होता. कनेरगाव नाक्याचा, माझ्याहून थोडा लहान. तिथे त्याच्या काकांचा वाशीम रस्त्यावर ढाबा होता आणि संध्याकाळी तो गल्ल्यावर बसायचा. त्याचाही विषय कपाटातूनच निघालेला, फक्त खालच्या फळीवरून. तो मला ताई म्हणायचा आणि कुठल्याही गोष्टीचा राग मानायचा नाही. सरांबद्दल त्याचं मत एका वाक्याचं होतं: "ताई, ते आपल्याला शिकवून नाही राहिले, आपण त्यांना वाढवून राहिलो."

सल्फोनेट एस्टर करताना पिरिडिन नावाचा द्रव वापरावा लागतो. त्याचा वास सडक्या मासळीसारखा असतो आणि तो कपड्यांत, केसांत, वेणीच्या रबरातसुद्धा बसतो. आमचं घर औंढ्याचं. वडील देवळात अभिषेक सांगतात, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. मी रोज संध्याकाळी हिंगोलीहून बसने यायची, ती हा वास घेऊन. बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची, हे सुख होतं. पण आमच्या गल्लीत नाकं फार तयार. अमक्याची पोरगी हिंगोलीला जाऊन मासे खाते, अशी वार्ता देवळाच्या मागच्या दाराने आत आली आणि पुढच्या दाराने वडिलांपर्यंत पोचली.

 दोन दिवसांनी सकाळी वडील गंध उगाळता उगाळता म्हणाले, "बाई, डब्यात पोळी-भाजी नेतीस ना तू?"

"नेते की, बाबा."

"पुरती का?"

"पुरते."

"बाहेरचं काही खाऊ वाटलं तर सांगत जा. तुझी आई करून देईल."

मला आधी हसू आलं आणि मग राग. बाबांचा नाही, त्या नाकांचा. ज्यांनी आयुष्यात मासा पाहिला नाही त्यांना त्याचा वास बराबर ओळखू येत होता. दुसऱ्या दिवशी मी पिरिडिनचे दोन थेंब पडलेला कापूस बंद शिशीत घालून घरी आणला आणि बाबांना हुंगायला दिला. त्यांनी मान मागे घेतली, डोळे पुसले आणि विचारलं, "हे औषध हाय?"

"औषध न्हाई. औषध करायला लागतं."

"मग जे होईल ते औषध कशावर चालंल?"

मी शिशीचं बूच घट्ट लावलं. ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या अख्ख्या विभागाकडे नव्हतं. बाबा ती शिशी घेऊन तसेच देवळात गेले आणि ज्याने ही वार्ता आणली होती त्याच्या नाकाखाली त्यांनी ती उघडून धरली, असं मला पुढे आईकडून कळलं. वार्ता बंद झाली. त्या माणसाने माफी वगैरे मागितली नाही. तसली माणसं मागत नाहीत. ती फक्त पुढची वार्ता शोधायला लागतात.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती की तिच्यासाठी मी परत परत प्रयोगशाळेत गेले असते. आमच्याकडे एक लहानसा यूव्ही दिवा होता. खोली अंधारी करून त्याखाली कौमारिन धरलं की ते निळं पेटतं. पेटतं म्हणजे जाळ नाही. आतून उजेड फुटल्यासारखं गार, निळं चमकतं. सर हा दिवा मुख्यतः पाहुण्यांना दाखवायला वापरायचे. संस्थेचा कुणी संचालक आला की त्याला अंधारात नेऊन निळा उजेड दाखवायचा आणि 'आमचं संशोधन' म्हणायचं. मला मात्र त्या दिव्याचा खरा उपयोग होता. ओएचच्या जागी सल्फोनेट बसलं की तो निळा उजेड जवळपास मरतो. म्हणून मी दर थोड्या वेळाने मिश्रणाचा ठिपका टीएलसीच्या, म्हणजे पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या, पट्टीवर चढवून दिव्याखाली धरायची. निळा ठिपका आहे तोवर काम बाकी आहे. निळा गेला आणि त्याच्या वर काळपट ठिपका आला की काम झालं. पहिल्यांदा तो निळा ठिपका माझ्या डोळ्यांदेखत एकेका पट्टीवर फिकट होत गेला, तेव्हा मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. ह्या जगात निदान एक गोष्ट अशी आहे की जी सरांना विचारून होत नाही.

सात एस्टर असे झाले. सातही स्वच्छ, सातांचा वितळायचा आकडा नेमका. आठवा होईना.

आठवी बाटली नायट्रो गट असलेल्या सल्फोनिल क्लोराइडची होती. तिच्या झाकणाला चीर गेली होती. असे पदार्थ हवेतलं पाणी पितात आणि त्यांचं हळूहळू ॲसिड होतं, मग ते कशालाही चिकटत नाहीत. बाटलीत भुकटीऐवजी ढेकळं होती तेव्हाच मला कळायला हवं होतं, असं नाही, कळलंच होतं. तरी मी करून पाहिलं. दरवेळी तपकिरी चिकटा हाती यायचा आणि दिव्याखाली धरला की तो निळा चमकायचा. म्हणजे कौमारिन जसंच्या तसं शाबूत होतं. मी सरांना सांगितलं, "सर, ही बाटली गेलीय. नवी मागवावी लागेल."

"बाटली आहे ना?"

"आहे, पण आतला माल खराब झालाय."

"तू जरा मनापासून करून पाहा."

मनापासून केल्याने ॲसिडाचं परत क्लोराइड होत असतं तर आमच्या जिल्ह्यात रसायनशास्त्राची गरजच उरली नसती.  सर टेबलापाशी आले, त्यांनी न धुतलेल्या त्या चिकट्याची कुपी उचलली, हलवली, खिशात टाकली आणि निघून गेले. मला वाटलं, एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकाला दाखवायला नेली असेल.

त्या हिवाळ्यात कॉलेजात राष्ट्रीय परिषद भरली. राष्ट्रीय म्हणजे एक पाहुणा तेलंगणातून आला होता. मंडप घातला, कमान उभारली, कमानीवर सरांचा फोटो संस्थेच्या अध्यक्षांच्या फोटोपेक्षा किंचित लहान होता आणि त्यावरून आधल्या दिवशी बरीच खळखळ झाली होती. परिषदेच्या सकाळी स्मरणिका हाती आली. तिच्यात माझं नाव पाहिलं, खाली सरांचं, आणि त्याखाली आमचा सारांश: कौमारिनच्या आठ सल्फोनेट एस्टरांची निर्मिती व लक्षणनिर्धारण. आठ. आठव्याचा वितळायचा आकडा दिलेला होता, आयआर दिलेला होता, आणि वर लिहिलं होतं की जिवाणूंविरुद्ध सर्वांत प्रभावी तोच ठरला.

सर हाराची पाटी तपासत उभे होते. मी स्मरणिका घेऊन त्यांच्याकडे गेले.

"सर, आठवं झालंच न्हाई अजून."

"होणार आहे ना?"

"आणि हा मेल्टिंग पॉइंट कुठून आला?"

"बाकी सातांचे पाहिले, त्यावरून अंदाज येतो. अनुभवाने कळतं."

"आणि जंतू मारतो हे?"

"ते खरं आहे." इथे त्यांचा आवाज चढला. "कुपी मी स्वतः मायक्रोच्या मॅडमकडे दिली होती. त्यांनी जंतूंची प्लेट लावली. भोवती जंतू मेल्याचं केवढं स्वच्छ रिंगण आलं, विचार त्यांना."

मग मला उलगडलं. त्या कुपीत कौमारिन, न धुतलेलं ॲसिड आणि उरलंसुरलं काहीबाही होतं. त्या आंबट लगद्यात जिवाणू मेले यात नवल काय? लिंबाच्या लोणच्याचा खार घातला असता तरी मेले असते. तो खार छापायला कुणी पाहुणा तेलंगणातून आणला नसता, एवढंच.

"सर, ते संयुग न्हाई. ते ॲसिड आहे."

"तू काहून इतकी ताणून राहिलीस?" ते आता हळू आवाजात, घरगुती भाषेत बोलायला लागले. माणसं जवळपास नसली की त्यांची भाषा बदलायची. "पोरी, सगळे असंच करतेत. पेपर आधी जातो, संयुग मागून येतं. दुपारी तुझं भाषण आहे. आठ स्लाइडी दाखव आणि खाली ये."

दुपारी मी सात दाखवल्या. शेवटी माइकवर म्हणाले, "स्मरणिकेत आठवं संयुग छापलंय, ते अजून तयार झालेलं न्हाई. त्याचे आकडे कृपया धरू नयेत." मला वाटलं आता मंडपात काहीतरी होईल. कुणीतरी उठून विचारेल. सर कमानीखाली कोसळतील अशी माझी अपेक्षा नव्हती, पण निदान कुणीतरी मान वर करेल. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांपुढे तेवढ्यात काजूकतलीची ताटली आली होती. सत्राचे अध्यक्ष म्हणाले, "अतिशय सुंदर सादरीकरण," आणि मला प्रमाणपत्र दिलं. मागून टाळ्या वाजल्या. ज्याने सगळ्यात जोरात वाजवल्या तो नाक्यावरचा पोरगा होता. त्याला एकट्याला कळलं होतं.

आणि सरांना कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. यूव्ही दिवा त्यांच्या केबिनच्या कपाटात गेला. कारण विचारलं तर शिपाई म्हणाला, "सर म्हणतेत, दिवा नाजूक हाय." पाहुण्यांसाठी तो नाजूक नव्हता. मी मग बाजारातून नोटा तपासायचा लहान निळा दिवा आणला. खोट्या नोटा ओळखायच्या दिव्याने मी संशोधन पुढे चालवलं. हे आमच्या विभागाला फार शोभून दिसत होतं.

सात संयुगांचा एनएमआर काढायला मी विद्यापीठाच्या गावी गेले. तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण प्राध्यापिकेला मी आठव्याची हकिगत सांगितली, तशी तिने आपल्या फ्रिजमधून नायट्रोवाल्या सल्फोनिल क्लोराइडची ताजी बाटली काढली आणि थोडी भुकटी कुपीत घालून, वरून पन्नी गुंडाळून मला दिली. "झालं तर कळवा," म्हणाली. सरांच्या आठ वर्षांच्या ओळखीत मला त्यांच्याकडून जे मिळालं नव्हतं ते ह्या बाईने पाच मिनिटांत दिलं, आणि ते काही फार मोठं नव्हतं.

परत आल्यावर मी आणि तो नाक्यावरचा, दोघांनी मिळून एका दुपारी ते केलं. तो बर्फ घेऊन आला, मी ठिपके चढवत होते. निळा उजेड पाहता पाहता मंद होत गेला आणि गेला. बर्फावर ओतल्यावर फिकट पिवळे कण तरंगले. धुतले, वाळवले, गरम अल्कोहोलातून काढले तर सुया पडल्या. मेल्टिंग पॉइंट घेतला. छापलेल्या आकड्याच्या तो जवळपासही नव्हता, बराच वर होता.

"सरांचा अंदाज खालीच राहिला, ताई," तो म्हणाला. "अनुभव कमी पडला असंल."

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या काकांच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. काका विचारत होते, "काय झालं, नोकरी लागली का?" त्याने सांगितलं, "काका, एक पावडर झाली." काकांनी आमच्याकडे पाहिलं आणि भाकरी आणायला आत गेले. आम्ही दोघं वेड्यासारखे खुश होतो. ट्रक जात होते, टेबलावर धूळ बसत होती आणि आमच्याजवळ जगात कुणालाच नको असलेली चिमूटभर पिवळी पावडर होती.

मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम सरळ बाई होत्या. जे द्याल त्याची प्लेट लावायच्या आणि जे दिसेल ते सांगायच्या. कुपीत काय आहे हे मागच्या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं, कारण विचारायची पद्धतच नव्हती. ह्या वेळी मी शुद्ध संयुग दिलं आणि सोबत तुलनेसाठी नुसतं कौमारिनही. दोन दिवसांनी त्यांनी प्लेट उजेडात धरली. कुठेही रिंगण नव्हतं. जिवाणू संयुगाच्या अगदी काठापर्यंत दाट उगवले होते.

"तुमच्या औषधाने यांना काही तकलीफ झालेली दिसत न्हाई," मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघं सुयांची कुपी आणि ती प्लेट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेलो. किती तरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कुपी हातात घेतली, उजेडात फिरवली, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला.

"वा. म्हणजे बनतं. मी म्हणतच होतो."

"सर, मेल्टिंग पॉइंट वेगळा आलाय."

"थर्मामीटरचा फरक."

"आणि जंतू मरत न्हाईत."

त्यांनी प्लेटकडे लांबूनच पाहिलं. "मॅडमच्या जंतूंचं काही खरं नाही. ते सारखे बदलत राहतात."

"सर, पेपरमध्ये दुरुस्ती पाठवायला लागंल," मी म्हणाले.

"कोणत्या पेपरमध्ये?"

"तुमी मासिकाला पाठवला तो."

"तो तर छापून झाला." पाऊस पडून गेला असं सांगावं, तशा सुरात त्यांनी हे सांगितलं. "आता त्याला कोण हात लावणार? छापलेलं ते छापलेलं."

मी लावला. त्या मासिकाच्या संपादकांना मी पत्र पाठवलं: आठव्या संयुगाचे आकडे चुकीचे आहेत, ते जिवाणू मारत नाही, कृपया दुरुस्ती छापावी, सोबत खरे आलेख जोडत आहे. चार दिवसांत उत्तर आलं. आपल्या बहुमोल संशोधनाबद्दल अभिनंदन, आपल्यासारख्या विदुषींना आम्ही संपादक मंडळावर येण्याचं निमंत्रण देत आहोत. मी परत लिहिलं. परत अभिनंदन आलं. तिसऱ्यांदा लिहिलं नाही. माझं आणखी अभिनंदन झालेलं मला सोसलं नसतं.

थिसिसमध्ये मी खरं लिहिलं. आठही संयुगं, आठव्याचा खरा आकडा, आठवं निकामी. सरांनी ते प्रकरण वाचलं नाही, पण शेवटचा निष्कर्ष वाचला आणि सही करायला नकार दिला. नकार म्हणजे 'नाही' म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नसत. "पाहू," म्हणाले. थिसिस त्यांच्या टेबलावर पडून राहिला आणि त्यावर लग्नपत्रिका साठत गेल्या. मी मधूनमधून जाऊन पत्रिका बाजूला काढायची आणि ते परत ठेवायचे. नाक्यावरच्याने ह्या काळात आपला थिसिस सरांना हवा तसा लिहून दिला आणि तो मोकळा झाला. जायच्या आधी माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, तुमी बराबर हाव. पण मला आता थांबवत न्हाई. काकांची तब्येत बरी न्हाई." मला त्याचा राग आला नाही. त्याने खोटं छापलं होतं आणि तोंडावर सांगितलं होतं. सरांना यातलं दुसरं कधी जमलं नाही.

माझी सही झाली ती वेगळ्याच कारणाने. सरांना प्राचार्य व्हायचं होतं आणि मुलाखतीला किती विद्यार्थ्यांना पीएचडी मिळवून दिली हे सांगावं लागतं. संख्येत एक कमी पडत होता. एका सकाळी शिपायाकरवी बोलावणं आलं. पत्रिका बाजूला झाल्या होत्या, थिसिस वर आला होता, आणि सरांनी मी सांगितलेल्या प्रत्येक जागी भराभर सह्या केल्या. निष्कर्षाच्या पानावर पेन क्षणभर थांबला, पण मुलाखत जवळ होती.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या: कौमारिन हा शब्द कुठून आला, आणि औंढ्याला दर्शनाला गर्दी कोणत्या वारी कमी असते. पहिल्याचं उत्तर त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्याचं लक्ष देऊन ऐकलं. मी डॉक्टर झाले. बाबांनी देवळात पेढे वाटले आणि लोकांना सांगितलं की पोरगी औषधाची डॉक्टर झाली. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. दिवसातून किती दुरुस्त्या करायच्या याला मर्यादा असते.

आता तो थिसिस कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि तो पेपर इंटरनेटवर. दोन्हींवर सरांचं नाव. एकात आठवं संयुग सर्वांत प्रभावी, दुसऱ्यात निरुपयोगी. हा विरोध आजवर कुणाच्या लक्षात आलेला नाही, कारण दोन्ही वाचणारा माणूस अजून जन्मलेला दिसत नाही. पेपरचा हवाला मात्र इतरांनी दिलाय. दूरदूरच्या गावांतले कुणी लिहितात की नायट्रो गटामुळे जिवाणूंविरुद्धचा प्रभाव वाढतो, आणि खाली आमचं नाव.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवते. साखऱ्याहून आणि आसपासच्या गावांतून लेकरं येतात, बरीचशी मुली. गेल्या वर्षी सरांचा, म्हणजे आता प्राचार्यांचा, निवृत्तीचा सत्कार झाला आणि मी गेले. न जाण्याइतकी मी मोठी झालेली नाही. शाली इतक्या आल्या होत्या की मागे खुर्चीवर त्यांचा ढीग झाला होता. जेवणाच्या आधी सरांनी मला हाताला धरून कुण्या संस्थाचालकाकडे नेलं.

"ही माझी विद्यार्थिनी. जिवाणू मारणारं ते संयुग हिनंच काढलं."

"न्हाई सर," मी म्हणाले. "ते मारत न्हाई."

सर हसले, संस्थाचालक हसले. "विनय आहे पोरीत," सर म्हणाले.

"विनय न्हाई. मी प्लेट पाहिलीय. तुमालापण दाखवली होती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षण मला वाटलं, त्यांना आठवलं. मग कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ते वळले. संस्थाचालक मात्र उभे राहिले. पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेत त्यांनी विचारलं, "मग करतं काय ते?"

"काही करत न्हाई," मी सांगितलं. "पण शुद्ध आहे."

त्यांनी मान हलवली, जणू हे पुरेसं होतं, आणि पंगतीत जागा धरायला निघाले. मी पण गेले. जिलबी चांगली होती.